मोरोक्कोचें ताट आणि प्रवाशाची जीभ

पाकशास्त्राच्या ग्रंथाचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत कशाला, अशी शंका वाचकांस येईल. परंतु पॉला वुल्फर्ट यांचा मोरोक्कोच्या अन्नाविषयींचा इंग्रजी ग्रंथ (१९७३) आम्ही उत्तम प्रवासवाङ्मयांत गणतों. कुसकुस म्हणजे उपमा नव्हे. त्याचे कण मोकळे करीत दोनतीनदां वाफवावे लागतात आणि ती वाफ खालीं शिजणाऱ्या रश्श्याचीच असते, हें ग्रंथकर्त्री धीरानें समजावून देतात.

उलट, प्रवाशांसाठीं निघणाऱ्या मार्गदर्शिका ‘अमुक चाखा, तमुक चाखा’ एवढेंच सांगतात. माराकेशची तंजिया त्यांच्या यादींतील एक नांव होऊन बसते. पण मांसानें भरलेलें तें मातीचें मडकें हमामाच्या भट्टीच्या राखेंत कित्येक तास ठेवलेलें असतें. हमाम बंद पडले तर ही चवहि लोपेल, याची जाणीव कोणीं द्यावी? राखेची ती ऊब कोणत्याहि पाककृतींत उतरत नाहीं. ही मर्यादा या ग्रंथाची नव्हे, छापील अक्षराचीच आहे.

म्हणून प्रवाशानें ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र शुक्रवारीं दुपारीं एखाद्या घरचें आमंत्रण आल्यास यादी मिटवून जावें, आणि सर्वांमध्यें मांडलेल्या त्या एकाच ताटांतून आपल्या पुढ्यांतलाच घास घ्यावा.