धर्म सापडला, ख्रिस्त नाही : पंडिता रमाबाईंच्या ‘साक्षी’चे एक वाचन

प्रस्तावना

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे नाव तुम्ही बहुधा स्त्रीशिक्षणाच्या प्रकरणात वाचले असेल. तेथे त्यांच्या धर्मांतराला एखाद-दुसरे वाक्य मिळते. भक्तिपर चरित्रांत याच्या उलट घडते : धर्मांतर मोठे होते आणि विदुषी मागे पडते. दोन्ही वाचनांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि परिवर्तन पूर्ण झाले. रमाबाईंनी स्वतः मात्र तसे म्हटलेले नाही. १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेली ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएग्झॉस्टिबल ट्रेझर’ ही त्यांची छोटी पुस्तिका या दृष्टीने पाहू.

दोन वळणे

ख्रिस्ती परंपरेत ‘साक्ष’ म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले याचे जाहीर कथन. असे कथन सहसा एका वळणाभोवती उभे राहते : आधी अंधार, मग प्रकाश. रमाबाईंच्या साक्षीत दोन वळणे आहेत. पहिले लंडनच्या फुलहॅम भागातील. तेथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांना आधार देणाऱ्या भगिनींचे काम त्यांनी पाहिले आणि त्यामागची प्रेरणा त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीच्या कथेत सापडली. त्यानंतर बाप्तिस्मा झाला.

दुसरे वळण सुमारे आठ वर्षांनंतरचे. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्या लिहितात. या टप्प्यावर त्यांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचले होते. दुसऱ्यांना उपदेश करता करता स्वतःचेच परिवर्तन झाले, असा हॅस्लम यांचा अनुभव. धर्मात राहूनही माणूस आतून बदललेला नसू शकतो, हा प्रश्न रमाबाईंना तेथे भिडला.

हा भेद नीट लक्षात घ्या. पहिल्या वळणावर विचार पटला, दुसऱ्या वळणावर भरवसा जडला. पटणे आणि विसंबणे यांतील अंतर हाच या पुस्तिकेचा खरा विषय आहे.

आकृतिबंधाची मर्यादा

आता एक टीकेचा मुद्दा. साक्ष लिहिताना लेखक मागे वळून पाहतो आणि गवसलेल्या प्रकाशात आधीचे सगळे फिके दिसू लागते. रमाबाईंच्या लेखनातही हे होते. आपल्या पूर्वीच्या धर्माविषयी त्या कठोरपणे लिहितात. ते वाचताना पुस्तिकेचा हेतू आणि तिचा ख्रिस्ती वाचकवर्ग विसरू नये.

पण मधल्या आठ वर्षांकडेही पाहा. याच काळात त्यांनी ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) लिहिले आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद घालतात आणि केवळ चर्चच्या अधिकारावर विश्वास ठेवायला नकार देतात. या पत्रांतली स्त्री रिकामी वाटत नाही. ती शोधात आहे. पत्रे आणि साक्ष शेजारी ठेवली, तर साक्षीत ‘उणीव’ म्हणून आलेला काळ हीच साधना होती, असे दिसते. नकार देऊ शकणाऱ्या मनाने दिलेला होकार म्हणूनच वजनदार ठरतो.

अनुभवानंतरची साधना

दुसऱ्या वळणानंतर शोध थांबला का? उत्तर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मिळते. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. कमी शिकलेल्या स्त्रीलाही कळेल अशी सोपी मराठी, हा त्यांचा आग्रह होता. संस्कृतवर प्रभुत्व असलेल्या पंडितेने संस्कृतप्रचुर शब्द बाजूला ठेवावेत, यात त्यागही आहे आणि शिस्तही. मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियाच खिळे जुळवत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. हे बायबल १९२४ साली प्रकाशित झाले.

साक्षीत जो भरवसा शब्दांत सांगितला, तो येथे रोजच्या कामात उतरलेला दिसतो. अंतःपरिवर्तनाचा पुरावा भावनेच्या उत्कटतेत शोधण्यापेक्षा अशा दीर्घ, कंटाळवाण्या वाटू शकणाऱ्या कष्टांत शोधणे अधिक योग्य.

समारोप

सारांश, रमाबाईंना ‘सुधारक’ आणि ‘श्रद्धाळू’ अशा दोन कप्प्यांत वाटून टाकले, तर दोन्ही अपुऱ्या राहतात. त्यांच्या साक्षीचे महत्त्व त्यातल्या चमत्कारात नाही. धर्म स्वीकारल्यावरही आपण पोहोचलो नाही, हे एका विदुषीने जाहीरपणे मान्य केले, यात ते आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘धर्म सापडणे’ आणि ‘ख्रिस्त सापडणे’ यांतील फरक स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. तुमच्या भाषेतील एखाद्या संताच्या चरित्रात परिवर्तन एका क्षणात घडते की टप्प्याटप्प्याने? उदाहरण देऊन चर्चा करा.