प्लेटोची गुहा, पिंगुळीचा पडदा आणि 'श्वास'

बीजसंज्ञा : गुहेची रूपककथा, छायाबाहुल्या, मराठी चित्रपट, दृष्टी व ज्ञान

प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या सातव्या भागात सॉक्रेटिस ग्लॉकनला गुहेची रूपककथा सांगतो. लहानपणापासून जखडलेले कैदी समोरच्या भिंतीवरील सावल्यांनाच वास्तव मानतात. त्यांतील एकाला बळाने बाहेर ओढून नेले असता त्याचे डोळे आधी दिपतात, पुढे सरावतात आणि अखेरीस त्याला सूर्य दिसतो. अंधार, मागून येणारा प्रकाश आणि समोरचा पडदा या तिन्ही गोष्टी चित्रपटगृहातही असल्याने हे साम्य पाश्चात्त्य समीक्षेने पूर्वीच हेरले. 'द ट्रुमन शो' (१९९८) व 'द मॅट्रिक्स' (१९९९) ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. मराठी चित्रपटाला हे रूपक लावताना मात्र रूढी म्हणजे गुहा, शिक्षण म्हणजे सूर्य असा सोपा साचा हाती येतो. त्यात मूळ कथेतील दोन महत्त्वाचे तपशील निसटतात.

पहिला तपशील भिंतीमागच्या माणसांचा. कैद्यांच्या पाठीमागील बुटक्या भिंतीची तुलना प्लेटोने बाहुलीवाल्यांच्या आडपडद्याशी केली आहे. सिंधुदुर्गातील वाचकाला हा आडपडदा परका नाही. कुडाळ तालुक्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांबरोबर चामड्याच्या छायाबाहुल्यांची परंपरा जपली आहे. त्या कार्यासाठी तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. परंतु पिंगुळीचा प्रेक्षक बांधलेला नसतो. रामायणाची कथा त्याला आधीच ठाऊक असते, पडद्यावर दिसते ती सावली आहे हेही ठाऊक असते, आणि तरीही तो रमतो. तेव्हा प्रेक्षक म्हणजे कैदी हे समीकरण लंगडे पडते. सावली कोण नाचवतो आणि कोणासाठी, हा प्रश्न मात्र उरतो. उमेश कुलकर्णी यांच्या 'देऊळ' (२०११) मध्ये तोच केंद्रस्थानी आहे. केशाला झालेला दत्ताचा साक्षात्कार त्याच्यापुरता खरा. त्याची सावली गावभर मोठी करणारे हात पुढाऱ्यांचे आणि दुकानदारांचे.

दुसरा तपशील अधिक मोलाचा आहे. प्लेटोच्या मते डोळ्यांचा गोंधळ दोन प्रकारे होतो : अंधारातून उजेडात येताना आणि उजेडातून अंधारात जाताना. समीक्षा बहुधा पहिल्याच प्रवासापाशी थांबते. संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) दुसऱ्या प्रवासाचा चित्रपट आहे. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला हा पहिला मराठी चित्रपट. कोकणातील आजोबा नातू परशुरामला शहरातील रुग्णालयात आणतात. त्याच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, दृष्टी जाईल. येथे ज्ञान मुक्त करीत नाही. ते आधी आजोबांना मोडून टाकते. मुलाला हे सांगायचे की नाही, सांगायचे तर कोणी आणि कोणत्या शब्दांत, यातच चित्रपटाचा सारा ताण आहे. डॉक्टरांचा आग्रह सांगण्याचा आहे. तो नियमाचा आहे तसाच नैतिकही आहे : मुलाला फसवून अंधारात ढकलणे म्हणजे त्याला पुन्हा साखळदंड घालणेच.

शस्त्रक्रियेआधी आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून निघून जातात आणि त्याला शहर दाखवतात. हा भाग भावनाविवश असल्याचा आक्षेप घेता येईल व तो सर्वस्वी निराधारही नाही. परंतु आजोबा येथे सूर्य दाखवणारे गुरू नसून, जे जाणार आहे ते पुरवून ठेवू पाहणारे कुटुंबातील माणूस आहेत. ज्या रुग्णालयात सत्य योग्य शब्दांत पण वेळापत्रकाप्रमाणे सांगितले जाते, तेथे त्यांची ही बेशिस्त आवश्यक ठरते.

आंधळ्या डोळ्यांत दृष्टी घालणे म्हणजे शिक्षण नव्हे, तर संपूर्ण आत्म्याला वळवणे म्हणजे शिक्षण, असे प्लेटो याच भागात म्हणतो. त्याने 'आंधळे डोळे' हा दाखला म्हणून वापरला. 'श्वास'मध्ये ते खरोखरीचे आहेत. त्यामुळे दृष्टी म्हणजे ज्ञान हे प्लेटोचे समीकरण येथे अडखळते, आत्म्याच्या वळणाचा विचार मात्र टिकून राहतो. अखेरीस काळा चष्मा लावलेला परशुराम गावी परततो. प्लेटोच्या गुहेत परतणाऱ्या कैद्याची इतर कैदी थट्टा करतात, त्याला ठार करायलाही उठतात. परशुरामची वाट मात्र घरची माणसे पाहत असतात, आणि न दिसणाऱ्या त्या माणसांच्या दिशेने तो हात हलवतो.