मोडण्याची मुभा

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग मराठी शाळांत इतका रुळला आहे की त्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटत नाही. मला मात्र त्यातला ‘टिकाऊ’ हा शब्द खटकतो. लहान मुलांसाठीची कृतिपुस्तके मी अनेक वर्षे जमवून वाचते आहे. त्यांतली सर्वांत परिचित पुस्तके अरविंद गुप्ता यांची. त्यांतल्या खेळण्यांचे मोल ती टिकण्यात नाही, ती मोडता येण्यात आहे, असे माझे मत झाले आहे.

गुप्ता कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली अभियंता झाले आणि पुण्यात टेल्कोत नोकरीला लागले. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झालेल्या या कार्यक्रमात खेड्यातली मुले स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकत. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासून आकृत्या बनवण्याची गुप्तांची कल्पना तिथली. पुढे २००३ ते २०१४ या काळात ते पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. पु. ल. देशपांडे यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या या वास्तूत पुण्यातल्या मुलांच्या कितीतरी तुकड्यांनी ही खेळणी हाताळली.

आगकाड्यांचीच कृती घेऊ. तीन काड्या रबरी नळीच्या तुकड्यांनी जोडल्या की त्रिकोण होतो. तो कसाही दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच कलंडतो, त्याचा पतंग होतो. त्यात एक लांब काडी तिरपी बसवली की दोन त्रिकोण होतात आणि चौकोन ताठ उभा राहतो. पत्र्याच्या छपराखालच्या कैचीत किंवा रेल्वेपुलाच्या लोखंडी सांगाड्यात त्रिकोणच का दिसतात, याचे उत्तर पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांना इथे मिळते. ‘दृढता’ हा शब्द त्याला पुढे कधीतरी भेटेल. पण हे घडायला चौकोन आधी कलंडावा लागतो, आणि तो कलंडत असताना शेजारच्या मोठ्या माणसाला गप्प बसावे लागते.

माझी तक्रार इथून सुरू होते. खेळणे मोडण्याचे समर्थन खुद्द गुप्तांनी सातत्याने केले आहे. त्यांच्या पुस्तकांची मांडणी मात्र वेगळे काही शिकवते. पहिले चित्र, दुसरे चित्र, आणि शेवटच्या चित्रात तयार खेळणे. थोडके शब्द, स्वच्छ रेषा आणि स्वस्त किंमत हे या पुस्तकांचे मोठे गुण आहेत. न वाचता येणारे मूलही ती पाहू शकते. पण पान शेवटच्या चित्रापाशी संपते, आणि मुलाचा खेळ तर तिथे सुरू होतो. मिनिट-दोन मिनिटांच्या चित्रफितींत हे अधिक जाणवते. तिथले सराईत हात अडखळत नाहीत, स्ट्रॉची पिपाणी लगेच वाजते. घरी ती वाजत नाही, आणि मग बाबा ती मुलाच्या हातातून घेऊन स्वतः वाजवून दाखवतात.

आंब्याच्या कोयीची पिपाणी घासणाऱ्या पोरांना हा त्रास नव्हता. शेजारी कुणी मोठे नसेच. आजच्या शहरी घरात मुलाजवळ सतत कुणीतरी असते: आजी, आजोबा, सांभाळणाऱ्या मावशी. तेव्हा या माणसांनी काय करायचे हा प्रश्न टाळता येत नाही.

त्याचे उत्तर शोधताना मला ताराबाई मोडकांकडे जावे लागले. १९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. माँटेसरीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांतून त्यांनी आणि अनुताई वाघांनी साधने तयार केली. म्हणजे स्वस्त साहित्याचा विचार आपल्याकडे जुनाच. पण त्याच्या जोडीला त्यांनी मोठ्या माणसाचाही विचार केला. मूल काय करते ते आधी पाहावे, मागितल्याशिवाय मदत करू नये, ही माँटेसरीची शिस्त त्यांनी शिक्षिकांच्या अंगी बाणवली. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शाळा अंगणात आली की घरची माणसेही भोवती जमणार. कसे पाहावे, हे त्यांनाही तिथे बसल्या बसल्या दिसणार.

मराठीतल्या या दोन परंपरा एकमेकींशी फारशा बोललेल्या नाहीत. एकीने वस्तू स्वस्त आणि निर्भय केली, दुसरीने मोठ्यांना थांबायला शिकवले. पहिलीच तेवढी उचलली की काय होते ते शाळांच्या प्रदर्शनांत दिसते: डिंकाने घट्ट चिकटवलेली, हात लावू नका अशी पाटी लावलेली खेळणी, पालकांनी रात्री जागून केलेली.

आता हे निकडीचे झाले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा एकसंध पायाभूत टप्पा मानला, आणि त्यात अंगणवाड्याही आल्या. साहित्याच्या पेट्या वाटणे त्यातल्या त्यात सोपे. पेटीतली वस्तू मोडली तर हिशेब कुणी द्यायचा, या धास्तीने सेविकेने ती कपाटात ठेवली तर तिला दोष देता येणार नाही. म्हणून मोडतोड गृहीत धरूनच साहित्य द्यायला हवे. आणि कृतिपुस्तकांच्या पुढच्या आवृत्त्यांत प्रत्येक कृतीखाली दोन ओळी मोठ्यांसाठी हव्यात: इथे मूल बहुधा अडेल, तेव्हा काही वेळ हात मागे ठेवा, आणि ते काय म्हणते ते ऐका.