पन्नाशीनंतरची बाई कुठल्या रकान्यात?

समजा, किनवट तालुक्यातल्या इस्लापूरची साठीची एक बाई आहे. अंग बाहेर येतंय, लघवीचा त्रास आहे, सुनेला सांगायची लाज वाटते. तिला आता सरकारी आकडेवारीत शोधून बघा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) घ्या. जिल्हावार तक्ते मिळतात म्हणून आम्ही संशोधक तिकडेच पळतो, मीसुद्धा. पण त्यात बायकांची मुलाखत १५ ते ४९ वयातच होते; पुरुषांची ५४ पर्यंत. घरातली माणसं मोजताना आपली बाई धरली जाते, गर्भाशयाचा प्रश्न आला की गळते. १९९२-९३ला हे सर्वेक्षण सुरू झालं ते मुख्यतः जन्मदर, कुटुंबनियोजन, बालमृत्यू मोजायला. ती चौकट अजून सुटलेली नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढचं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची सरकारी तपासणी ३० ते ६५ वयासाठी आहे. ती झाली का, हे मात्र सर्वेक्षण ४९ पर्यंतच विचारतं. मग पन्नाशी ते पासष्टीतल्या बायकांची तपासणी नांदेड जिल्ह्यात खरंच होते का, हे या तक्त्यावरून कळणार कसं?

तुम्ही म्हणाल, वृद्धत्वाचा 'लासी' अभ्यास आहे ना! आहे. पहिली फेरी २०१७-१८, पंचेचाळिशीपुढचे लोक, गर्भपिशवी काढल्याचाही प्रश्न. पण जिल्हावार अंदाज नाहीत. इस्लापूर राज्याच्याच सरासरीत.

नवी प्रश्नावली नकोच. निदान तपासणीच्या प्रश्नापुरती तरी वयाची अट ६५ करा.