आधी स्कोअर सांग!

मराठी माणसाने समीक्षा केली नाही असा विषय शोधून सापडायचा नाही. कथा-कवितांचे सोडाच, लग्नाच्या पंगतीतल्या मठ्ठ्याचीसुद्धा आपल्याकडे साक्षेपी समीक्षा होते. पण ज्या वाङ्मयाने आपल्या दोन-तीन पिढ्यांना कामावर उशिरा पोचवले आणि घरी लवकर आणले, त्या रेडिओवरच्या क्रिकेटच्या धावत्या वर्णनाकडे थोर समीक्षक फारसे फिरकलेले दिसत नाहीत. ते काम एका बँकेतल्या कारकुनाकडे यावे हे त्या वाङ्मयाचे दुर्दैव. पण लोकांनी जुळवायची ठेवलेली बाकी जुळवण्यातच आमचा जन्म गेला आहे. त्यातलीच ही एक समजा.

समीक्षेत आधी थोडा इतिहास द्यावा लागतो, त्याशिवाय भारदस्तपणा येत नाही. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ते एका खाजगी कंपनीचे होते आणि ती कंपनी तीन वर्षांत बुडाली. (आम्ही बी. कॉम. असल्यामुळे हा तपशील गाळवत नाही.) मग सरकारने कारभार हातात घेतला आणि १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' असे बारसे केले. बारशाच्या आधीच बाळ क्रिकेट बोलू लागले होते. १९३४ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांचे वर्णन ए. एफ. एस. उर्फ बॉबी तल्यारखान यांनी केले आणि ते घरोघर पोचले. तल्यारखान एकटे बोलत. पुढे १९४८-४९ साली वेस्ट इंडिजचा संघ आला, तेव्हा माइक इतरांबरोबर वाटून घ्या असे रेडिओवाल्यांनी सुचवले. तल्यारखानांनी माइकलाच रामराम ठोकला. हा स्वभाव मला कळतो. आमच्या शाखेत एक हेडकॅशियर होते, ते रजेवर जाताना स्टेपलरसुद्धा कपाटात कुलूपबंद करून जात.

तल्यारखानांचे वर्णन इंग्रजीत. म्हणजे चेंडू सीमापार गेला हे ज्याला इंग्रजी येते त्यालाच कळायचे. बाकीच्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे. मराठीची पाळी नंतर आली. पुण्याचे बाळ ज. पंडित, मुंबईचे वि. वि. करमरकर अशा मंडळींनी माजघरातल्या माणसालाही मैदानावर नेऊन बसवले. पंडित तर स्वतः महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले. म्हणजे लिहिणाराच वाचणारा. साहित्यात हा योग दुर्मिळ.

आता भाषेकडे वळू. 'पायचीत' हा शब्द घ्या. इंग्रजांना या प्रकारासाठी तीन शब्द लागतात आणि ते ऐकून माणूस बाद झाला की वकील उभा राहिला हे कळत नाही. मराठीने त्याला सरळ तालमीत नेऊन चीत केले. 'त्रिफळा' त्याहून बहारदार. रात्री गरम पाण्याबरोबर घ्यायच्या चूर्णाचे नाव दुपारी तीन यष्ट्यांना देणाऱ्याला माझा दंडवत. 'षटक' मात्र जरा अडचणीचे. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत षटकात आठ चेंडू टाकत. तेव्हा बेदीचा संघ तिकडे गेला असताना मराठी माणूस 'आठ चेंडूंचे षटक' असे बिनदिक्कत म्हणत होता आणि व्याकरणाचे मास्तरही, स्कोअर चांगला असेल तर, ऐकून घेत होते. स्लिप, मिड-ऑन यांच्या वाटेला कोणी गेले नाही हे शहाणपणाचे झाले. गली तर मुळातच आपली.

मराठीचा खरा फायदा वेगळाच आहे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. 'चेंडू उंच... लाँग-ऑफचा खेळाडू धावतोय... चेंडूखाली आला... आणि झेल...' इथे समालोचकाने श्वास घेतला की अख्खे घर श्वास रोखते. 'घेतला' की 'सुटला' हे शेवटच्या शब्दावर. इंग्रजीला ही सोय नाही. एवढा उत्कंठेचा साठा व्याकरणात फुकट मिळालेली भाषा रेडिओसाठीच जन्मली असावी.

दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर ही समीक्षा न राहता निरोपसमारंभ होईल. मोठा दोष म्हणजे 'नेत्रदीपक फटका'. अहो, नेत्रांचे काय घेऊन बसलात? ते तुमच्याकडे, मैदानावर! आम्ही इकडे कानात प्राण आणून बसलेलो. 'नयनरम्य', 'प्रेक्षणीय' ही विशेषणे म्हणजे उपाशी माणसाला जेवणाचा फोटो दाखवणे. दुसरा दोष, स्कोअर सांगायचे विसरणे. अमेरिकेत बेसबॉलचे रेड बार्बर नावाचे समालोचक तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ समोर ठेवत. वाळू संपली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटे करायचे. आपल्याकडे असे घड्याळ नव्हते. तंबूतल्या पाहुण्यांची यादी संपेपर्यंत दोन गडी बाद झालेले असत.

पण या साऱ्या व्यवहाराचे भांडवल एकच होते, विश्वास. १९३८ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्ये खेळत होता, तेव्हा सिडनीत समालोचक स्टुडिओत बसून तारेने आलेल्या मजकुरावरून वर्णन करत आणि पेन्सिल लाकडावर आपटून बॅटचा आवाज काढत. लोक रात्र रात्र ऐकत. कारण पेन्सिल खोटी असली तरी धाव खरी होती. आमच्या धंद्यात यालाच पत म्हणतात. खातेदार तिजोरीत डोकावून बघत नाही. काउंटरवरचा माणूस सांगतो ती शिल्लक मानतो.

हे मला पुस्तकातून कळले नाही. अप्पांमुळे कळले.

आमचे अप्पा चामडी कव्हरातल्या ट्रान्झिस्टरचे भक्त. घरात टीव्ही आला तसा ट्रान्झिस्टर माळ्यावर गेला. मग निवृत्तीनंतर काचबिंदूने अप्पांची नजर नेली आणि टीव्ही नुसता आवाजापुरता उरला. तेव्हा लक्षात आले की टीव्हीवरचे लोक काही सांगतच नाहीत. 'काय फटका!' म्हणतात आणि गप्प बसतात. चेंडू कुठे गेला ते चित्रात दिसतेच, मग बोलायचे कशाला? पुढे मराठीतही समालोचन आले, पण चेंडू कुठे गेला ते मराठीतही चित्रानेच सांगायचे. ते काम माझ्याकडे आले.

"अप्पा, काय मारलाय!"

"कुठे?"

"तिकडे."

"तिकडे म्हणजे? चुलीत?" अप्पा भडकले. "आधी स्कोअर सांग. मग कोणी टाकला, कोणी मारला, कुठे गेला. दिसलं ते सांग. तुला काय वाटलं ते जाहिराती लागल्या की सांग."

समीक्षेची याहून चोख व्याख्या मी आजवर ऐकलेली नाही.

२ एप्रिल २०११. वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना. जिंकायला २७५ हव्या होत्या आणि दुसऱ्याच चेंडूवर सेहवाग गेला. "एलबीडब्ल्यू," मी म्हणालो. "पायचीत म्हण, पायचीत!" अप्पा दुःखातही म्हणाले. थोड्या वेळाने सचिन गेला तेव्हा मात्र त्यांनी भाषा सुधारली नाही. गंभीरच्या ९७ धावा मी बऱ्यापैकी पार पाडल्या. स्कोअर वेळेवर, दिशा बरोबर. अप्पांनी एकदा मान डोलावली, तेव्हा पगारवाढ झाल्यासारखे वाटले.

आणि मग धोनीने कुलशेखराला तो फटका मारला. मी उडी मारली. बायकोने मारली, मुलांनी मारली, वरच्या मजल्यावरचे कुटुंब तर छतातून खाली येते की काय असे वाटले. सगळे ओरडत होते, रडत होते. खुर्चीत अप्पा तेवढे मान इकडून तिकडे वळवत विचारत होते, "काय झालं? अरे, स्कोअर काय? चेंडू कुठाय?" त्या घरात आपण जिंकलो हे अप्पांना रस्त्यावरच्या फटाक्यांवरून कळले.

मी त्यांच्या पायाशी बसलो. म्हणालो, "चार बाद दोनशे सत्त्याहत्तर. कुलशेखराचा चेंडू. धोनीने उचलला. लाँग-ऑनच्या डोक्यावरून थेट प्रेक्षकांत. षटकार. दहा चेंडू शिल्लक. सहा गडी राखून जिंकलो, अप्पा."

अप्पा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा सांग."

मी तीनदा सांगितले. तिसऱ्या वेळी गळा दाटला होता, म्हणून 'नेत्रदीपक षटकार' म्हणून गेलो.

"विशेषण काढ," अप्पा म्हणाले. "बाकी ठीक आहे."