कापराचे शास्त्रीय नाव : एक परीक्षण

आरतीच्या तबकातील कापूर सर्वांच्या परिचयाचा आहे. रसायनशास्त्रात त्यालाच १,७,७-ट्रायमेथिलबायसायक्लो[२.२.१]हेप्टॅन-२-ओन म्हणतात. विद्यार्थी हे नाव अर्थ न कळता घोकतात. वडीलधारी मंडळी परकी बडबड म्हणून ते सोडून देतात. आमच्या मते दोन्ही पक्ष या नावावर अन्याय करतात.

अंक वगळता उच्चारात याचे नऊ तुकडे पडतात : ट्राय, मे, थिल, बाय, साय, क्लो, हेप्, टॅन, ओन. परंतु उच्चाराचे तुकडे म्हणजे अर्थाचे घटक नव्हेत. जीभ ‘हेप्-टॅन’ असे तोडते. अर्थासाठी ‘हेप्ट’ आणि ‘अ‍ॅन’ असाच विग्रह हवा. ‘हेप्ट’ म्हणजे सात, ‘अ‍ॅन’ म्हणजे कार्बन-कार्बनमधील एकेरी बंध, ‘ओन’ ही कीटोनची खूण. ‘बायसायक्लो’ दोन कड्यांची रचना दाखविते. तिला तीन मेथिल गट जोडलेले आहेत. कंसातील अंकांप्रमाणे दोन सांध्यांमध्ये दोन, दोन व एक कार्बनचे पूल आहेत. पुलांतील पाच आणि सांध्यांतील दोन मिळून सात; मेथिलांचे तीन मिळविले की दहा. कापराच्या रेणूत कार्बनचे अणू दहाच असतात! इतके प्रामाणिक नाव विरळा.

शिवाय ग्रीक ‘ट्रि’ व आपले ‘त्रि’, ‘हेप्टा’ व ‘सप्त’, ‘क्यूक्लोस’ व ‘चक्र’ ही एकाच कुळातील भावंडे होत. लॅटिन ‘बि’ आणि ‘द्वि’ यांचेही तसेच. मेथिलमधील मद्यवाचक ‘मेथु’ हा आपल्या ‘मधु’चा सगा. म्हणूनच ‘मिथिल’पेक्षा ‘मेथिल’ हा उच्चार आम्हांस अधिक योग्य वाटतो.

मात्र यावरून ‘सर्व काही आमचेच’ असा डंका कोणी पिटू नये. नाते म्हणजे मालकी नव्हे. खुद्द ‘कर्पूर’ हा शब्द मलय द्वीपसमूहाकडून संस्कृतात आला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तोच पुढे अरबीत ‘काफूर’ व लॅटिनमध्ये ‘कॅम्फोरा’ झाला. इंग्रजी ‘कॅम्फर’ त्याचाच वंशज. मराठी व कोंकणी घरांतला ‘कापूर’ही त्याच गोत्रातला.

शास्त्रीय नावात एक उणीव आहे : ते रचना सांगते, सुवास सांगत नाही. ‘कापूर’ म्हणताच गाभारा आठवतो, पण रेणू दिसत नाही. यास्तव पाठ्यपुस्तकांनी दोन्ही नावे शेजारी छापावीत आणि शिक्षकांनी फळ्यावर विग्रह करून दाखवावा. घोकलेले नाव परीक्षेनंतर विसरते; उलगडलेले नाव मुलाच्या कायमचे उपयोगी पडते.