निळ्या खोलींतील ऊन

डेन्मार्कच्या उत्तर टोंकास असलेल्या स्कागेन या कोळ्यांच्या गांवीं अनेक चित्रकार समुद्राच्या व प्रकाशाच्या ओढीनें बाहेरून आले. आन्ना आंकर (१८५९–१९३५) ही मात्र त्या गांवचीच लेक. तिच्या १८९१ च्या प्रसिद्ध चित्रांत समुद्र मुळींच नाहीं. निळ्या खोलींत तिची लहानगी हेल्गा पाठमोरी बसून विणीत आहे आणि भिंतीवर खिडकींतून आलेलें ऊन पडलें आहे, एवढेंच. विषय क्षुल्लक आहे, मुलीचा चेहराहि दिसत नाहीं, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु चेहरा दिसता तर आपली दृष्टि तेथेंच खिळली असती. भिंतीकडे कोण पाहता? पाहुण्याला गांव पाहावयास किनाऱ्यावर जावें लागतें. घरच्या माणसाला तें भिंतीवरील उन्हांतहि भेटतें.